मुंबई ते न्यूयॉर्क: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढायचा

मुंबईहून न्यूयॉर्कला किती तास लागतात, असं चार जणांना विचारलं तर एक सांगेल सोळा, दुसरा चौदा, तिसरा वीस. चौथा तिकीट काढून दाखवेल, रात्री दोनला निघून सकाळी आठला पोहोचतंय, म्हणजे सहा! चौघंही आपापल्या जागी बरोबर असतात. एक जातानाचं सांगतोय, एक परतीचं, एक दुबईत थांबून गेलाय आणि शेवटच्यानं दोन देशांची घड्याळं एकमेकांतून वजा केली आहेत. हे आकडे वेगवेगळे करून मोजायला शिकलं की जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांचा हिशेब कागदावर दहा मिनिटांत होतो. इथे सगळं मुंबई–न्यूयॉर्कच्या उदाहरणावर करून पाहू.

आधी विमानतळ पक्का करा

अंतर शहराचं नसतं, विमानतळाचं असतं. न्यूयॉर्कसाठी तिकीट शोधताना जॉन एफ. केनेडी म्हणजे जेएफके आणि शेजारच्या न्यू जर्सीतलं न्यूअर्क ही दोन्ही विमानतळं एकाच यादीत येतात. दोघांमधलं सरळ अंतर जेमतेम ३३ किमी आहे, पण मध्ये अख्खं न्यूयॉर्क शहर आणि हडसन नदी असल्यानं गाडीनं दीड-दोन तास सहज जातात. आपल्याकडेही आता सहार आणि नवी मुंबई असे दोन विमानतळ आहेत. गोव्यात दाबोळी आणि मोपा आहेत, एक दक्षिणेला आणि एक पार उत्तरेच्या टोकाला. म्हणून शहराचं नाव वाचून पुढे जाऊ नका, तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचा. सहारचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय, न्यूअर्कचा ईडब्ल्यूआर.

मग दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. नकाशाच्या कुठल्याही ॲपमध्ये विमानतळावर बोट दाबून धरलं की ते दशांश अंशांत मिळतात:

सहार: १९.०८८७° उत्तर, ७२.८६७९° पूर्व
जेएफके: ४०.६३९८° उत्तर, ७३.७७८९° पश्चिम

दोरा आणि पृथ्वीचा गोल

गणिताआधी एक प्रयोग करा, कारण त्यानं पुढची निम्मी शंका मिटते. शाळेत असतो तसा ३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर न्या आणि दोरा घट्ट ताणा. सैल असताना तो अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक असा पश्चिमेला आडवा पडलेला असेल. ताणत गेलात की तो आपोआप वर सरकतो आणि उत्तर युरोपवरून जाऊन थांबतो. ती सर्वांत जवळची वाट. भूगोलाच्या पुस्तकात तिला बृहद्वृत्त म्हणतात, वैमानिक ग्रेट सर्कल म्हणतात.

आता दोऱ्यावर खूण करून तो पट्टीवर मोजा. साधारण साडेएकोणतीस सेंमी भरेल. या आकाराच्या गोलाचा परीघ ९४.२ सेंमी आणि पृथ्वीचा ४०,०३० किमी, म्हणजे एका सेंमीला ४२५ किमी. २९.५ × ४२५ = सुमारे १२,५४०. पट्टी आणि दोऱ्यानं एवढं जवळ जाता येतं.

गणित

वैज्ञानिक कॅल्क्युलेटर किंवा मोबाइलमधला आडवा धरल्यावर उघडणारा कॅल्क्युलेटर पुरतो. सूत्र असं: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कॉसचा गुणाकार गुणिले रेखांशातल्या फरकाचा कॉस. जे उत्तर येईल त्याचा उलटा कॉस (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) काढला की दोन जागांमधला कोन अंशांत मिळतो. एका अंशाला १११.१९५ किमी.

रेखांशांचा फरक: एक पूर्व, एक पश्चिम, म्हणून बेरीज. ७२.८६७९ + ७३.७७८९ = १४६.६४६८°
साइनचा गुणाकार: ०.३२७०३ × ०.६५१३० = ०.२१३००
कॉसचा गुणाकार: ०.९४५०१ × ०.७५८८२ = ०.७१७०९
फरकाचा कॉस: −०.८३५३०
एकूण: ०.२१३०० − ०.५९८९९ = −०.३८५९९
उलटा कॉस: ११२.७०५°
अंतर: ११२.७०५ × १११.१९५ = १२,५३२ किमी

साइटवर हा आकडा थोडा पुढे-मागे दिसला तर गोंधळू नका. आपण पृथ्वी चेंडूसारखी गोल धरली, प्रत्यक्षात ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाशी ६,३५७. त्यामुळे येणारी चूक जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची, प्रवासाच्या हिशेबात नगण्य.

चुका होतात त्या दुसरीकडे. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककावर असणं ही सर्वांत नेहमीची, म्हणून आधी साइन ३० दाबून बघा. ०.५ आलं तरच पुढे जा. दुसरी म्हणजे अंश-मिनिटं-सेकंद आणि दशांश अंश यांची गल्लत. सहारचा अक्षांश १९ अंश ५ मिनिटं १९ सेकंद असा लिहिलेला असेल तर तो १९.०५१९ होत नाही. ५ ला ६० नं आणि १९ ला ३,६०० नं भागून मिळवायचं, तेव्हा १९.०८८६ येतं. आणि तिसरी चूक जरा मजेशीर आहे. न्यूयॉर्कचा रेखांश पश्चिमेचा आहे हे विसरून ७३.७८ मधून ७२.८७ वजा केलं, तर उत्तर येतं सुमारे २,४०० किमी. तो बिंदूही खराखुरा आहे, फक्त तो किरगिझस्तानात ओश शहराच्या थोडा पूर्वेला पडतो. उत्तर फारच सोयीस्कर आलं की पूर्व-पश्चिम तपासा.

एककंही सांभाळा. विमान वाहतुकीत नॉटिकल मैल चालतो, तो १.८५२ किमीचा. साधा मैल १.६०९ किमीचा. आपलं हेच अंतर ६,७६७ नॉटिकल मैल आहे आणि ७,७८७ साधे मैलही आहे. कुठे नुसतं ‘मैल’ लिहिलं असेल तर दोन्ही एककांनी किमी करून पाहा. जे १२,५००च्या आसपास बसेल ते खरं.

ही वाट जाते कुठून

सहारहून सरळ अंतराची वाट पश्चिमेला निघतच नाही. ती होकायंत्रावर ३३३ अंशांनी सुटते, म्हणजे जवळजवळ उत्तरेला, जराशी पश्चिमेकडे कललेली. क्वेट्ट्याच्या थोडं दक्षिणेनं, अश्गाबादजवळून, कॅस्पियन समुद्र डावीकडे ठेवून थेट मॉस्कोच्या माथ्यावर. तिथून हेलसिंकी, नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, मग आइसलंड आणि फेरो बेटांच्या मधे ६४.७° उत्तर हा सर्वांत उंच टप्पा. पुढे खाली उतरत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून, कॅनडातलं लॅब्राडोर, अमेरिकेतलं मेन राज्य आणि न्यूयॉर्क.

भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून सरळ रेघ मारली तर ती याच्या खूप दक्षिणेनं जाते आणि तिची लांबी सुमारे १४,२०० किमी भरते. सरळ दिसणारी वाट साडेसोळाशे किमीनं लांब! सीटसमोरच्या पडद्यावर विमान उगाच वळसा घेताना दिसतं ते एवढ्यासाठी.

प्रत्यक्षात विमान तिथून जातं का

इथे गणित संपतं आणि राजकारण सुरू होतं. वर सांगितलेल्या वाटेवर पाकिस्तान आणि अफगाणिस्तान येतात, रशिया येतो. पाकिस्ताननं २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि ती मुदत महिन्या-महिन्यानं पुढे ढकलली. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. रशियाची हद्द २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, युक्रेनवरून त्याच वर्षापासून कुणीच उडत नाही. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात इराण आणि इराकवरचं आकाशही काही दिवस रिकामं झालं. त्यामुळे एकाच शहरातून निघणाऱ्या दोन कंपन्यांच्या वाटा आणि वेळा वेगळ्या असू शकतात. कंपनी कुठल्या देशाची, यावर बरंच ठरतं.

वळसा किती पडतो हेही काढता येतं. वाटेवरचे दोन-तीन बिंदू घ्या आणि वरचंच सूत्र तुकड्यातुकड्यानं लावा. समजा विमान मस्कत आणि इस्तंबूलवरून गेलं:

सहार ते मस्कत १,५९० किमी
मस्कत ते इस्तंबूल ३,३७१ किमी
इस्तंबूल ते जेएफके ८,०२७ किमी
एकूण १२,९८८ किमी

म्हणजे फक्त ४५६ किमी जास्त, साडेतीन टक्क्यांच्या आसपास, अर्ध्या तासाचं उड्डाण. नकाशावर एवढा मोठा दिसणारा वळसा गोलावर इतका लहान का? कारण सर्वांत जवळच्या वाटेच्या आजूबाजूला अंतर फार हळू वाढतं. मुंबई समुद्राकाठी असल्याचाही फायदा आहे. अरबी समुद्रावरून निघालं की पाकिस्तान आपोआप बाजूला राहतो. दिल्लीच्या विमानाला मात्र आधी दक्षिणेला किंवा नैऋत्येला उतरून मग पश्चिम धरावी लागते, म्हणून तिथला भुर्दंड मोठा. एप्रिल २०२५ नंतर भारतातून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही फेऱ्यांना व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं ते यामुळेच.

या १२,९८८ वर आणखी दोन-तीन टक्के धरा. उड्डाणानंतरचं वळण, उतरण्याआधीची रांग, वादळाला दिलेली बगल, आणि अटलांटिकवर तर वाटा रोज नव्यानं आखल्या जातात. वाऱ्याचा अंदाज बघून आयर्लंड-स्कॉटलंडच्या बाजूनं आणि कॅनडाच्या बाजूनं त्या दिवसाचे समांतर पट्टे जाहीर होतात आणि विमानं त्यांतल्या एखाद्या पट्ट्यात शिरतात. आपण हिशेबाला १३,३०० किमी घेऊ.

वेग, आणि त्याहून महत्त्वाचा वारा

या मार्गावर चालणारं बोइंग ७७७-३००ईआर मॅक ०.८४ च्या आसपास उडतं, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८४ टक्के. ३५,००० फुटांवर हवा उणे ५४ अंशांच्या घरात असते आणि तिथे ध्वनी ताशी सुमारे १,०६७ किमीनं जातो. त्याचे ८४ टक्के म्हणजे सुमारे ८९५ किमी. हा हवेतला वेग. जमिनीवरून मोजलेला वेग वाऱ्यानं ठरतो.

इथे एक जुनी समजूत बाजूला काढलेली बरी. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं, असं पुष्कळांना वाटतं. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, विमान त्या हवेतच असतं, त्यामुळे तसा फायदा मिळत नाही. उलट मध्य अक्षांशांत नऊ-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम असतो. त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किमी नेहमीचाच, हिवाळ्यात तीनशेच्या वरही जातो. अमेरिकेला जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीवर घेतो. ८-९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री सिआरा वादळाच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ जेएफकेहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात.

आपल्या वाटेचा सगळा भाग जेट स्ट्रीममध्ये नसतो आणि कंपनीचे डिस्पॅचर जाताना शक्यतो त्याला टाळूनच वाट आखतात, म्हणून सबंध प्रवासाची सरासरी धरायची. जाताना ताशी ५० किमी समोरचा वारा, येताना ६० किमी पाठचा, हे ढोबळ आकडे हिशेबाला पुरतात.

जाताना: ८९५ − ५० = ८४५, आणि १३,३०० ÷ ८४५ = १५ तास ४४ मिनिटं
येताना: ८९५ + ६० = ९५५, आणि १३,३०० ÷ ९५५ = १३ तास ५६ मिनिटं

जानेवारीतल्या एखाद्या वाईट दिवशी समोरचा वारा सरासरी ९० भरला तर जातानाचे १६ तास ३१ मिनिटं होतात, एकदम पाऊण तासाचा फरक. यावर उपाय म्हणून वैमानिक वेग वाढवत नाहीत, कारण इंधन मोजूनमापून भरलेलं असतं. या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन साडेतीनशे टन आणि त्यातलं सव्वाशे-दीडशे टन नुसतं इंधन. सुरुवातीला ते इतकं जड असतं की थेट ३८,००० फुटांवर चढूच शकत नाही. तीस-बत्तीस हजारांवर सुरुवात करून, इंधन जळेल तसं एकेक पायरी वर जातं.

चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंत

तिकिटावरची वेळ हवेतली नसते. गेटवरून विमान मागे ढकललं जातं तिथपासून समोरच्या गेटला लागेपर्यंतची असते, तिला ब्लॉक टाइम म्हणतात. चढण्या-उतरण्यात वेग कमी असल्यानं पंधरा मिनिटं जादा धरा. जमिनीवर, सहारहून निघताना २० आणि जेएफकेला पोचल्यावर १५. उलट दिशेला जेएफकेची धावपट्टीची रांग मोठी, तिथे ३० आणि सहारला १०.

जाताना: १५:४४ + ०:१५ + ०:३५ = साधारण साडेसोळा तास
येताना: १३:५६ + ०:१५ + ०:४० = साधारण १४ तास ५० मिनिटं

कुठल्याही मार्गासाठी घाईत उत्तर हवं असेल तर किमीला ८५० नं भागा आणि पाऊण तास मिळवा. मुंबई–नागपूर सरळ अंतर सुमारे ६८० किमी, म्हणजे दीड तास. तिकिटावरही तेवढाच दिसतो. मुंबई–दुबई १,९२६ किमी, तीन तास. लांबच्या मार्गांना आधी अंतर पाच-सहा टक्क्यांनी वाढवा आणि पूर्व-पश्चिम वाऱ्याचा फरक वेगळा करा. हा नियम फसतो तो अगदी छोट्या उड्डाणांत. मुंबई–पुणे यानं पाऊण तासाच्या थोडं वर येईल, पण तिथे सगळा वेळ चढण्या-उतरण्यात आणि रांगेतच जातो.

आपला आकडा पडताळायचा असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर तुमचा फ्लाइट नंबर टाका आणि मागच्या दहा-पंधरा फेऱ्यांच्या प्रत्यक्ष वेळा बघा. एका दिवसावर विश्वास ठेवू नका. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त बाजूला काढून मधल्यांची सरासरी घ्या. धावपट्टी सोडल्यापासूनची वेळ आणि गेटपासूनची वेळ वेगळ्या रकान्यांत असतात, एकात दुसरी मिसळू नका. कंपन्या ब्लॉक टाइममध्ये थोडी सैल जागा मुद्दाम ठेवतात, त्यामुळे विमान वीस मिनिटं आधी पोचणं ही काही चमत्काराची गोष्ट नाही.

घड्याळाचा हिशेब

भारताची प्रमाणवेळ ग्रिनिचच्या ५ तास ३० मिनिटं पुढे, वर्षभर तीच. न्यूयॉर्क हिवाळ्यात ग्रिनिचच्या ५ तास मागे, उन्हाळ्यात ४ तास मागे. म्हणून आपल्यात आणि त्यांच्यात हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे करतात. २०२६ मध्ये ८ मार्च आणि १ नोव्हेंबर.

आता सुरुवातीचं कोडं. १५ जानेवारीला मुंबईहून ०२:०० ला निघून त्याच तारखेला ०८:०० ला न्यूयॉर्क. दोन्ही वेळा ग्रिनिचमध्ये आणा. ०२:०० वजा ५:३० म्हणजे १४ तारखेची २०:३०. ०८:०० अधिक ५ म्हणजे १५ तारखेची १३:००. मधे साडेसोळा तास. तेच वेळापत्रक जुलैत दिसलं तर ०८:०० म्हणजे ग्रिनिचची १२:००, आणि प्रवास साडेपंधरा तासांचा. विमान खरोखर तासभर वेगानं गेलेलं असेलच असं नाही, एवढं लक्षात ठेवा.

परतीला उलट. न्यूयॉर्कहून सकाळी ११:३० ला निघालं, १४ तास ५० मिनिटं मिळवली की तिथल्या घड्याळात दुसऱ्या दिवशी पहाटेचे ०२:२०. त्यात साडेदहा तास मिळवा, मुंबईत दुपारचे १२:५०. तिकिटावर वेळेशेजारी बारीक अक्षरात अधिक १ लिहिलेलं असतं ते हे. पुण्याची पुढची बस किंवा नागपूरचं विमान याच अधिक १ कडे न बघता आदल्या दिवसाचं काढून ठेवणारे दर मोसमात सापडतात.

तोंडी बदल करायची सोपी रीत अशी: हिवाळ्यात भारतीय वेळेत दीड तास मिळवा आणि दिवसाची रात्र करा. इथे रात्रीचे ८ तर तिथे सकाळचे साडेनऊ. उन्हाळ्यात अडीच तास मिळवायचे. संध्याकाळी ६ ला फोन लावला तर तिकडे सकाळचे साडेआठ.

युरोपात थांबणार असाल तर मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जास्त काळजी घ्या. युरोप घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो, अमेरिका वेगळ्या रविवारी. २०२६ मध्ये ८ ते २९ मार्च या तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतर पाचऐवजी चार तासांचं असतं.

मध्ये थांबा असेल तर

थांब्यानं अंतर फारसं वाढत नाही, हे बहुतेकांना पटत नाही. दुबईमार्गे १,९२६ + ११,००१ = १२,९२७ किमी, थेट अंतरापेक्षा ३९५ किमी जास्त. लंडनमार्गे ७,२१३ + ५,५४० = १२,७५३, फक्त २२१ जास्त. तरीही एकूण वेळ वीस तासांवर जातो, कारण दुसऱ्यांदा उतरणं, रांग, पुन्हा चढणं आणि मधलं बसून राहणं. दुबईचा हिशेब: सव्वातीन तास, थांबा पावणेतीन तास, पुढे सव्वाचौदा तास, एकूण सव्वावीस. म्हणून अशा तिकिटांची तुलना करताना अंतर बघूच नका, थांबा किती ते बघा. दीड तासापेक्षा कमी थांबा स्वस्त दिसला तरी सोडून द्यावा. मुंबईच्या पावसाळ्यात पहिलं विमान तासभर उशिरा निघणं ही किरकोळ बाब आहे. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर असतील तर चुकलेल्या जोडणीची जबाबदारी कंपनीवर राहते. वेगवेगळी तिकिटं स्वस्तात जोडली असतील तर ती तुमच्यावर.

न्यूयॉर्कच्या पुढे कुठे जायचं असेल, समजा शिकागो किंवा डॅलस, तर अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं, बॅगा पट्ट्यावरून उचलाव्या लागतात, कस्टममधून बाहेर येऊन पुन्हा द्याव्या लागतात. बॅगेला शेवटच्या शहराचा टॅग असला तरीही. जेएफकेला यासाठी तीन तास ठेवा. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांचं इमिग्रेशन मात्र तिथेच उरकतं आणि न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडता येतं. त्यासाठी अबू धाबीत थांबा जरा मोठा असलेला बरा. परतताना आपल्याकडेही तोच नियम: दिल्लीत उतरून नागपूरला जायचं असेल तर बॅग दिल्लीतच हाती घ्यावी लागते.

घरापासून घरापर्यंत

हा आकडा वेळापत्रकात कुठेच नसतो आणि प्रवाशाला तोच भोगायचा असतो. कोथरूडहून निघून न्यू जर्सीतल्या एडिसनला जायचंय असं धरू. ०२:०० च्या उड्डाणाला सहारवर २२:३० पर्यंत पोहोचावं. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, पण खरी रांग इमिग्रेशन आणि सुरक्षेची असते. पुणे–सहार दीडशे किमीच्या आसपास. संध्याकाळचा घाट, वाशीचा टोलनाका आणि सायनची गर्दी धरून चार तास, आणि शुक्रवार असेल तर पाच. पाचच धरले तर कोथरूडहून १७:३० ला निघायचं. न्यूयॉर्कला ०८:००, इमिग्रेशन आणि बॅगांना दोन तास, एडिसनपर्यंत रस्त्यानं दीड तास. साडेअकरा. भारतात तेव्हा रात्रीचे दहा. दारापासून दारापर्यंत साडेअठ्ठावीस तास, त्यातले हवेतले सोळा. एडिसनला न्यूअर्क जवळ पडतं, म्हणून तिथलं तिकीट थांब्यासकट तासभर जास्त दाखवत असलं तरी रस्त्यावरचा वेळ वाचून हिशेब बरोबरीला येऊ शकतो. दोन्ही मांडून बघा.

आणि तारीख. १५ जानेवारीचं ०२:०० म्हणजे पुण्याहून १४ तारखेच्या संध्याकाळी निघायचं. ‘१५ तारखेचं विमान आहे’ एवढंच लक्षात ठेवून १५ च्या रात्री सहारला पोहोचणारे लोक असतात, आणि विमान तोवर जेएफकेला उतरून चार तास होत आलेले असतात. कॅलेंडरवर १४ च्या चौकटीत ‘आज रात्री विमानतळ’ असं लिहा, १५ च्या चौकटीत काही लिहू नका. आई-वडील एकटे जाणार असतील तर त्यांच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी ठेवा: निघण्याची वेळ भारतीय, पोचण्याची वेळ तिथली, आणि शेजारी कंसात भारतीय. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून याच चिठ्ठीवर भारतीय घड्याळानुसार लिहाव्या, म्हणजे मनगटावरचं घड्याळ विमानात बदललं तरी गोंधळ होत नाही. न्यायला येणाऱ्यालाही तिथलीच वेळ कळवा आणि आठला उतरणाऱ्या विमानासाठी त्याला पार्किंगमध्ये साडेनऊच्या आधी यायला सांगू नका.